ऊस रोपवाटिका : जोडधंदा, पण जबाबदारीचा

ऊसरोपांना गावातच गिऱ्हाईक मिळते. पण धंदा टिकतो तो बेण्यावर. डोळे बेणेमळ्यातल्या ९ ते १० महिन्यांच्या उसाचेच घ्यावेत. खोडव्याचे स्वस्त पडले तरी नकोत. काणी, गवताळ वाढ बेण्यातूनच दुसऱ्याच्या रानात शिरते. मग गिऱ्हाईक कशाला फिरकेल?

५ बाय २ फुटांवर एकरी सुमारे ४,३५० रोपे बसतात. नांग्यांसाठी थोडी जादा धरावीत. आधी मागणी नि इसार घ्यावा, मगच ट्रे भरावेत. ट्रेवर जात व तारीख लिहावी. रोप महिना-सव्वा महिन्यात लागणीस येते; पुढे मुळ्या गुंडाळतात. असले रोप विकू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. चार पैसे बुडाले तर पुन्हा मिळतील, गावातली पत मिळत नाही.