कुकरची तिसरी शिट्टी

दुसऱ्या शिट्टीला मी ठणठणीत होते. तिसरी व्हायच्या आत डोक्यात काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि ओटा धरून मी खालीच बसले. उलटी झाली, मग घरात सगळ्यांचं एकमत: पित्त! सुंठेचा लेप झाला, डोकेदुखीची गोळी झाली. तिच्यात अ‍ॅस्पिरिन होतं हे मागाहून कळलं. म्हणजे मेंदूभोवती रक्त सांडलेलं आणि मी रक्त पातळ करणारं औषध घेत होते. तिसऱ्या दिवशी मान वाकेना, तेव्हा कुठे सीटी स्कॅन झाला. रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटला होता.

डोकं किती दुखतंय यापेक्षा ते किती वेळात टिपेला पोचलं, ते बघा. माझी अर्धशिशी सावकाश चढायची; हे दुखणं मिनिटभरात कळसाला गेलं. अशा वेळी लेप उगाळत बसू नका, तडक सीटीची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. पहिल्या सहा तासांत रक्त सहसा नजरेतून सुटत नाही; दिवस गेले की ते पुसट होतं.

दुसरी चूक होता होता राहिली. ‘कवटी उघडायची नाही’ हा माझा हट्ट. फुगा बंद करायचे उपाय दोन: तारेने आतून भरायचं ते कॉइल, कवटी उघडून बसवायची ती क्लिप. भावाने मोबाइलवर या दोन्हींची तुलना करणारी २००२ सालची आयसॅट चाचणी शोधली: वर्षभराने परावलंबी किंवा मृत रुग्ण कॉइलमध्ये २३.७ टक्के, क्लिपमध्ये ३०.६. झालं, मांडीतून तार घालून कॉइलच करा म्हणालो. सर्जननी रिपोर्टच्या पाठीवर पेनने फुगा काढला. तोंड रुंद, आणि तोंडाशीच एक फांदी फुटलेली. “प्लॅटिनमची तार यात भरली तर ठरेल कशी? त्या चाचणीत दोन्ही उपाय चालतील असेच फुगे होते, ताई.” म्हणून विचारायचं ते हे: फुगा कुठे आहे, त्याचं तोंड केवढं, आणि तुमच्याकडे दोन्ही उपाय होतात का? एकच होत असेल, तर दुसरं मत घ्या.

मला क्लिप बसली. कपड्यांच्या चिमट्याचं टायटॅनियमचं पिल्लूच म्हणा. पुढे रक्तवाहिन्या आकसून नुकसान होऊ नये म्हणून २१ दिवस, दर चार तासांनी निमोडिपिन. रात्री दोनचा गजर लावून नवरा उठवायचा; मी चिडायचे, गोळी मात्र चुकवली नाही. बीपीची गोळी मात्र त्याआधी वर्षभर मनानेच बंद केली होती, हे डॉक्टरांना सांगताना लाज वाटली.

क्लिपचं कार्ड आता पर्समध्ये आधारकार्डाला चिकटून असतं. एमआरआयच्या दारात पहिल्यांदा तेच मागतात.