मोटारीत गाणारा संगणक

चोपड्याहून तापी ओलांडून जळगावला निघालेल्या मोटारीत रेडिओऐवजी तळहाताएवढा संगणक गाणी लावणार आहे, असे समजा. २०१२ साली निघालेला रास्पबेरी पाय हा असाच एक संगणक. त्यात गाणी भरली, अँप्लिफायर व स्पीकर जोडले की झाले, असे वाटते. पण इंजिनाची किल्ली फिरवताच संगणक बंद पडतो! असे का व्हावे?

बॅटरीतील सहा घट मिळून सुमारे १२ व्होल्ट दाब देतात. संगणकाला हवेत ५. म्हणून मध्ये दाब उतरवणारा कन्व्हर्टर लागतो. इंजिन सुरू करताना स्टार्टर क्षणभर प्रचंड प्रवाह ओढतो. समजा, प्रवाह १५० अँपिअर आणि बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०२ ओहम आहे. ओहमच्या नियमाने १५० × ०.०२ = ३ व्होल्ट बॅटरीतच खर्ची पडतात; बाहेर उरतात ९. कन्व्हर्टरला निदान १० लागत असतील, तर संगणक विझलाच. शिवाय पुष्कळ मोटारींत त्या क्षणी रेडिओच्या तारेतील वीज किल्लीच तोडते.

रेडिओचे त्याने काही बिघडत नाही. संगणक मात्र तेव्हा मेमरी कार्डावर काही लिहीत असेल, तर लिखाण अर्धवट राहते आणि कधी कधी तो पुन्हा सुरूच होत नाही. म्हणून ६ व्होल्टवरही चालणारा कन्व्हर्टर, बॅटरीजवळ फ्यूज घालून आणलेली स्वतंत्र तार आणि संगणक रीतसर बंद झाल्यावरच वीज तोडणारे बटण, एवढी तजवीज आधी करावी. गाणी मागाहून निवडता येतील!

शाळेतील २० व्होल्टपर्यंतचा व्होल्टमीटर शिक्षकांच्या मदतीने बॅटरीला लावा व त्यांना इंजिन सुरू करण्यास सांगा. काटा प्रथम खाली येईल, मग १४ च्या आसपास चढेल. हा जादा दाब कोठून आला?