ताटातील लोह आणि रक्तातील लोह

संत गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात देह ठेवला. भुकेल्यास अन्न द्यावे, असे ते जन्मभर सांगत राहिले. त्याच वलगावच्या पंचक्रोशीतून दोन्ही वेळा भाकरी खाणाऱ्या, तरीही रक्त कमी असलेल्या भगिनी आमच्या बाह्यरुग्ण विभागात नित्य येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांतील रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ५४ टक्के आढळले.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. हिशेब जुळला नाही की अस्वस्थ होतो. गर्भवतीस १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी द्यावयाची असते. गोळ्यांच्या साठ्याची नोंदवही जुळते, पण पुढील तपासणीत हिमोग्लोबिन जेथल्या तेथेच असते. असे का, हे आमच्या डॉक्टरांकडून आम्ही समजून घेतले.

हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात व प्राणवायू त्यांनाच चिकटून शरीरभर फिरतो. ज्वारी, तूर, पालेभाज्या यांत लोह आहे. मात्र ते बहुतांशी फेरिक रूपात असते आणि आतडे लोह शोषते ते फेरस रूपात. शिवाय धान्याच्या कोंड्यातील फायटेट व चहातील टॅनिन लोहास बांधून ठेवतात. त्यामुळे शाकाहारी जेवणातील लोहापैकी फारच थोडा भाग रक्तापर्यंत पोहोचतो. पहाटे चहा घेऊन निंदणास जाणारी स्त्री त्याच चहाबरोबर गोळी घेत असेल, तर गोळीचीही तीच गत होते.

‘क’ जीवनसत्त्व येथे उपयोगी पडते. ते फेरिक लोहाचे फेरसमध्ये रूपांतर करते व त्यास विरघळलेले ठेवते. वरुड-मोर्शीची संत्री आंबिया व मृग अशा दोन्ही बहारांत ट्रक भरभरून परप्रांती जातात, आणि ती तोडणाऱ्या हातांच्या घरी जेवणात लिंबाची फोडही नसते, हे आम्हांस खटकते. आवळा व पेरू यांत तर हे जीवनसत्त्व संत्र्याहूनही कितीतरी अधिक. ते पाण्यात विरघळते व उष्णतेने नष्ट होते. म्हणून अंबाडीची भाजी उकडून पाणी पिळून टाकले की ते बरेचसे निघून जाते. मटकी-मुगास मोड आणल्याने फायटेटही घटते.

प्रत्येक फिकट चेहरा मात्र लोहाच्याच अभावाचा नसतो. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत. बी-१२ च्या अभावानेही रक्त घटते. म्हणून आधी रक्ततपासणी करून घ्यावी, अशी विनंती आहे.

आमच्या औषध विभागात आता गोळ्यांच्या पाकिटावर शिक्का मारला जातो : ‘चहा-दुधाबरोबर घेऊ नये. लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.’ ज्यांना वाचता येत नाही, त्यांना परिचारिका तो वाचून दाखवितात.