मोठ्या फाइलची रिग्रेशन टेस्ट तपासताना

मोठ्या फाइल हाताळताना फाइल सिस्टीमच्या हातून होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच एका जातीच्या असतात. फाइलमधली जागा दाखवणारा आकडा, म्हणजे ऑफसेट, कोडमध्ये कुठेतरी ६४ बिटांऐवजी ३२ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये ठेवला जातो आणि वरचे बिट गळून पडतात. धन-ऋण चिन्ह सांभाळणाऱ्या ३२ बिटांत जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ हा आकडा मावतो. २ जीबीची जुनी मर्यादा त्यातूनच आली. चिन्ह नसेल तर ती ४ जीबीवर जाते. अशी चूक दुरुस्त झाली की ती पुन्हा शिरू नये म्हणून चाचणी लिहिली जाते. लिनक्समध्ये या चाचण्या एक्सएफएसटेस्ट्स या संचात जमा होतात. मुळात एक्सएफएससाठी तयार झालेला हा संच आता ईएक्सटी४, बीटीआरएफएस आणि इतर फाइल सिस्टीमसाठीही वापरला जातो.

रिव्ह्यू करणाऱ्याने सर्वांत आधी दुरुस्ती नसलेल्या कर्नलवर चाचणी चालवावी. तिथे ती नापास झालीच पाहिजे, आणि जी चूक पकडायची आहे त्याच कारणाने नापास झाली पाहिजे. डिस्क भरल्यामुळे नापास झालेली चाचणी वरवर पाहता तशीच दिसते. म्हणून नुसता निकाल न पाहता अपेक्षित आणि प्रत्यक्ष आउटपुटमधला फरक ओळ न् ओळ वाचावा.

यापुढचा मुद्दा सर्वांत फसवा आहे. समजा, चाचणी ४ जीबी अधिक ४,०९६ बाइट या ऑफसेटवर एक ब्लॉक लिहिते, तोच परत वाचते आणि दोन्ही जुळले की पास म्हणते. ब्लॉक शोधणाऱ्या कोडमध्ये वरचे बिट गळत असतील, तर डेटा प्रत्यक्षात ४,०९६ या ऑफसेटच्या ब्लॉकवर जाऊन पडतो. वाचतानाही तोच कोड त्याच चुकीच्या ब्लॉककडे नेतो. लिहिलेले आणि वाचलेले तंतोतंत जुळते, चाचणी पास होते आणि फाइलच्या सुरुवातीचा डेटा मात्र नष्ट झालेला असतो. हे पकडण्यासाठी खालच्या, म्हणजे ४,०९६ या ऑफसेटवर आधीच वेगळ्या बाइटचा नमुना लिहून तो डिस्कवर पोहोचवावा आणि शेवटी तोही तपासावा. एवढ्यानेही भागत नाही. खालच्या ब्लॉकची जुनी, शाबूत प्रत पेज कॅशमध्ये असू शकते आणि वाचन तिथूनच होते. म्हणून तपासणीपूर्वी फाइल सिस्टीम अनमाउंट करून पुन्हा माउंट करणे आवश्यक ठरते. दोन वेगळे नमुने आणि मधला रिमाउंट, यांपैकी एकही गोष्ट गाळली तर ही चूक निसटू शकते.

चाचणीला जागा आणि वेळ कमी लागावा म्हणून बहुतेकदा स्पार्स फाइल वापरतात: आकार १ टीबी, पण प्रत्यक्ष लिहिलेला ब्लॉक एकच. ऑफसेटचे गणित तपासायला हे योग्यच आहे. मात्र ईएक्सटी४ मध्ये एक एक्स्टेंट, म्हणजे सलग ब्लॉकांचा एक पट्टा, ४ केबीचे जास्तीत जास्त ३२,७६८ ब्लॉक, म्हणजे १२८ एमबी सामावतो आणि असे ४ एक्स्टेंट थेट आयनोडमध्येच बसतात. एका ब्लॉकच्या स्पार्स फाइलमध्ये एक्स्टेंटचे झाड वाढतच नाही. झाडाशी संबंधित चूक पकडायची असेल, तर मधे मोकळ्या जागा सोडत अनेक तुकडे लिहावे लागतात.

ब्लॉकचा आकार बदलला की मर्यादाही बदलते. ४ केबी ब्लॉकवर ईएक्सटी४ ची फाइल १६ टीबीपर्यंत जाते, १ केबीवर फक्त ४ टीबीपर्यंत. १० टीबीच्या ऑफसेटवर लिहिणारी चाचणी १ केबी ब्लॉकवर ‘फाइल फार मोठी’ ही त्रुटी घेऊन परतेल. ती नापास न ठरवता ‘चालवली नाही’ अशी नोंद करून थांबली पाहिजे. पण ही अट इतकी सैल नसावी की चाचणी कुठेच चालणार नाही. चाचणी स्वतःचा सी प्रोग्रॅम वापरत असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. लिनक्समध्ये एका राइट कॉलमधून जास्तीत जास्त २,१४,७४,७९,५५२ बाइट जातात. ३ जीबी एका कॉलमध्ये लिहू पाहणाऱ्या प्रोग्रॅमने परत आलेला आकडा तपासून उरलेले पुन्हा लिहिले नाही, तर फाइल तोकडी राहते.

शेवटी आवराआवरीचा भाग वाचावा, कारण तो सहसा कोणी वाचत नाही. एक्सएफएसटेस्ट्स प्रत्येक चाचणीनंतर वापरलेल्या फाइल सिस्टीमची सुसंगती तपासते. चाचणीने स्वतःची मोठी फाइल आधीच पुसली, तर बिघडलेला मेटाडेटाही तिच्याबरोबर जाऊ शकतो आणि तपासणीला काही सापडत नाही. अशी फाइल स्क्रॅच डिव्हाइसवर तयार करून तिथेच राहू द्यावी. पुढची चाचणी त्या डिव्हाइसवर नवी फाइल सिस्टीम बनवूनच सुरू होते. कायम राहणाऱ्या टेस्ट डिव्हाइसवर मात्र तीच फाइल पुढच्या चाचण्यांची जागा अडवते, म्हणून तिथे ती पुसावीच लागते.