अडतीस पॉइंट दहा

पोरी, परवा फोनवर तू म्हणालीस की चेअरमनसाहेबांच्या मीटिंगला तासभर उरला असताना चार्ट वेडावाकडा यायला लागला. मग तू रंग बदललेस, खांबांच्या जागी रेषा घेतल्यास, शेवटी पॉवर बीआय बंद करून पुन्हा उघडलंस. त्यात तास गेला. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात माझी तीस वर्षं गेली, त्यातली शेवटची थोडी याच सॉफ्टवेअरवर. चित्र बिघडलं की मी त्याला हात लावत नसे. चार्टवर राइट क्लिक करायचं, 'शो अ‍ॅज अ टेबल' म्हणायचं, की खाली आकडे उलगडतात. त्यातला एकच आकडा घ्यायचा आणि काटापावतीशी हातानं ताडायचा. जुळला तर घोळ मांडणीत, नाही जुळला तर आकड्यात. निम्मं काम तिथंच होतं.

हे मी शिकलो ते मार खाऊन. 2019 च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली, तेव्हापासून नदीकाठचा शेतकरी आकड्यांकडं डोळे लावून बसतो. पुढं एका पावसाळ्यात आम्ही काठच्या गटांसाठी पाणीपातळीचा चार्ट काढायला लागलो. 40 फुटांवर इशाऱ्याची पिवळी रेघ, 45 वर धोक्याची तांबडी. एका संध्याकाळी पाणी तासातासाला इंचानं चढत होतं आणि आमच्या चार्टवर रेषा धाडकन खाली आलेली. तोच चार्ट मोबाईलवर गेला. एकाचा फोन आला, "भाऊसाहेब, पाणी उतरलं म्हणता, मग मोटारी काढायच्या का ठेवायच्या?"

मी वही उघडली. वहीत ओळीनं लिहिलेलं: 38.9, 38.10, 38.11. लिहिणाऱ्यानं काही चूक केली नव्हती. अडतीस फूट नऊ इंच, दहा इंच, अकरा इंच; आपल्याकडं अशीच लिहायची पद्धत. पण सॉफ्टवेअरला इंच कुठले माहीत? त्यानं 38.10 ला 38.1 केलं आणि चढतं पाणी पाऊण फुटाहून जास्त उतरवलं. त्या भल्या माणसाला मी म्हटलं, मोटारी काढा, चार्ट मी बघतो. मग फुटांचा एक कॉलम केला, इंचांचा दुसरा, आणि फूट अधिक इंच भागिले बारा असा तिसरा. अडतीस फूट दहा इंच म्हणजे 38.83. रेषा सरळ झाली.

हेच टिंब तुझ्या ऊसनोंदणीतही बसलंय. गट ऑफिसातून क्षेत्र एकर-गुंठ्यात येतं. 2.30 म्हणजे दोन एकर तीस गुंठे, 1.20 म्हणजे एक एकर वीस गुंठे. चार्ट बेरीज करतो 3.50. खरी बेरीज चार एकर दहा गुंठे, कारण एकराला गुंठे चाळीस. एकरी टनेज भरमसाट दिसायला लागलं की शेतकी खात्याचं कौतुक करण्याआधी भागणारा आकडा बघ. सातबाऱ्यावरचं हेक्टर-आर मात्र शंभराच्या हिशेबाचं, तिथं टिंब खरं बोलतं.

साखरेच्या उताऱ्याचंही तसंच. एका दिवशी हजार टन गाळप आणि उतारा 10, दुसऱ्या दिवशी नऊ हजार टन आणि उतारा 12. 'अ‍ॅव्हरेज' लावलंस तर 11 येईल. खरा 11.8. एकूण साखर भागिले एकूण ऊस, असा मेजर लिही आणि तोच सगळीकडं वापर. सरासरीवर माझा आधीपासूनच राग आहे. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि माणमध्ये त्याचा दहावा हिस्सा पडला तरी माणसं खूश. दोन्ही सातारा जिल्ह्यातच. जिल्ह्याच्या सरासरी पावसाचा खांब कुणाच्याच रानात पडत नाही.

सगळे खांब एकाच उंचीचे आले तर दोन टेबलांचं नातं जोडायचं राहिलंय. नातं जोडलेलं असून एक गाव दोनदा आलं तर कुणी 'कराड' भरलंय, कुणी 'कऱ्हाड', नाहीतर नावाच्या आधी एक मोकळी जागा राहिलीय. बेरजेऐवजी नुसती मोजणी येत असेल तर त्या कॉलमात कुणीतरी 'निरंक' लिहिलंय आणि अख्खा कॉलम मजकूर झालाय. 3 डिसेंबरचं गाळप 12 मार्चला गेलं, तर तारीख अमेरिकी पद्धतीनं वाचली गेलीय. 'युझिंग लोकेल'मधून भारत निवड. चार्ट रिकामाच असेल तर दुसऱ्या पानावरचा, या पानाशी सिंक केलेला स्लायसर बघ, बहुतेक वेळा तिथं मागचा हंगाम अडकलेला असतो. आणि हंगामाचा कॉलम वेगळाच ठेव, ऑक्टोबर ते सप्टेंबर, त्यात ऑक्टोबरला क्रमांक एक. नाहीतर डिसेंबर-जानेवारीत हंगामाचे दोन तुकडे होतात, नाहीतर महिने बाराखडीनं लागतात.

नकाशावर आपलं पाटण गुजरातेत गेलं म्हणून तू हसत होतीस. तिकडंही पाटण आहे, त्याला काय कळणार? 'पाटण, सातारा, महाराष्ट्र' असं पूर्ण लिही. त्याहून बरं, अक्षांश-रेखांश दे.

एक गोष्ट मात्र सॉफ्टवेअरच्या माथी मारू नकोस. उताऱ्याचे खांब शून्याऐवजी 11 पासून सुरू करायला कुणी सांगितलं, तर नाही म्हण. अर्ध्या टक्क्याचा फरक डोंगराएवढा दिसतो आणि सभेत भांडण लागतं. फरकच दाखवायचा असेल तर रेषा काढ.

आता एवढं कर. आजच नोंदणीच्या टेबलात क्षेत्राचा कॉलम उघड आणि टिंबानंतर कुठं 40 किंवा त्याहून मोठा आकडा दिसतो का बघ. एकर-गुंठ्यात तो येऊच शकत नाही. दिसला तर एकर आणि हेक्टर एकाच कॉलमात भरले गेलेत. मग चार्ट कुणालाही पाठवू नकोस, आधी मला फोन कर.