देवाचा सल्ला आणि जुनी कौलाची सवय

वाचन : १ शमुवेल ३:१–१८, मत्तय ५:२३, २४.

आपण देवाला सल्ला विचारतो तो बहुधा अडचण दारात येऊन उभी राहिली म्हणजे. मुलीला आलेले स्थळ पत्करावे काय? शेत गहाण टाकावे काय? असा प्रश्न पडला की आपण गुडघे टेकतो, आणि हे योग्यच आहे. परंतु आपल्या पुष्कळ खेड्यांत देवाला कौल लावण्याची चाल आहे. उजवा मिळाला तर काम करावे, डावा मिळाला तर सोडावे. ती चाल आपण टाकली, पण तिची सवय मनातून गेली आहे काय? डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडावे आणि ज्या वचनावर बोट पडेल तेच उत्तर मानावे, हाही एक कौलच होय. यात देवाकडून हो किंवा नाही एवढेच हवे असते. त्याने आपले अंतःकरण पाहावे, हे नको असते.

सातारा जिल्ह्यात पाचगणी येथे ‘एशिया प्लॅटो’ नावाचे केंद्र आहे. महात्मा गांधींचे नातू राजमोहन गांधी व त्यांचे सहकारी यांच्या श्रमाने ते १९६८ साली उघडले. तेथे नाना धर्मांचे लोक येतात. नित्य काही वेळ निवांत बसावे, अंतर्यामी ऐकावे आणि जे सुचेल ते लिहून ठेवावे, असा तेथील प्रघात आहे. त्याचे मूळ फ्रँक बुकमन (१८७८–१९६१) या अमेरिकन लूथरन पाळकांच्या शिकवणीत आहे.

बुकमन हे फिलाडेल्फिया शहरात मुलांचे वसतिगृह चालवीत असत. व्यवस्थापक मंडळाशी खर्चावरून वाद झाला, तेव्हा ते काम सोडून निघाले. पण मंडळाच्या सहा सभासदांविषयीचा कडवटपणा त्यांनी बरोबर नेला. १९०८ साली इंग्लंडातील केझिक येथे एका लहान प्रार्थनामंदिरात वधस्तंभाविषयीचा उपदेश ऐकताना त्यांस उमगले की, त्या सहा जणांची चूक असो वा नसो, आपला द्वेष हे आपले स्वतःचे पाप आहे. त्यांनी सहाही जणांस क्षमा मागणारी पत्रे लिहिली. पुढे काय होईल याचे चिन्ह त्यांस मिळाले नव्हते. आज काय करावयाचे एवढेच कळले होते.

समजा, आपल्यांतील एखादा भाऊ प्रार्थना करतो, ‘प्रभू, विहिरीसाठी कर्ज काढू काय?’ आणि शांत बसताच त्याला गड्याची थकलेली मजुरी आठवते. त्याला वाटते, हा विचार प्रार्थनेत आडवा आला. परंतु तेच त्याचे पहिले उत्तर असेल! जी आज्ञा कळली आहे ती मोडून पुढची वाट कशी दिसावी? वेदीजवळ आलेल्यास प्रभूने आधी भावाकडे पाठविले, ते याचसाठी.

तथापि मनात येणारा प्रत्येक विचार देवाचा नसतो. बुकमन त्यास चार कसोट्या लावीत : पूर्ण प्रामाणिकपणा, पूर्ण शुद्धता, पूर्ण निःस्वार्थीपणा आणि पूर्ण प्रीती. आपण आणखी दोन लावू : तो विचार शास्त्राच्या शिकवणीस धरून आहे काय, आणि मंडळीतील अनुभवी वडील माणसास तो सांगण्याची आपली तयारी आहे काय? बाळ शमुवेलालाही हाक ओळखण्यासाठी एलीची गरज लागली. आणि त्याला मिळालेला पहिला संदेश गोड नव्हता. तो एलीलाच सांगणे भाग होते.

म्हणून उद्या पहाटे, गुरे सोडण्यापूर्वी, घटकाभर शांत बसावे. ज्यास लिहिता येत नाही त्याने एकच गोष्ट मनात धरावी आणि दिवस मावळण्यापूर्वी ती करावी.

सभेत विचारावयाचे प्रश्न :
१. कौल लावणे आणि देवाचे ऐकणे यांत भेद कोणता?
२. शमुवेलाने आवाज कोणाच्या साहाय्याने ओळखला?
३. कळलेली पण आपण टाळीत असलेली आज्ञा कोणती? (याचे उत्तर प्रत्येकाने देवापाशी द्यावे.)