नियम कुणी केला ते आधी बघ

अगं, तुझी तक्रार मला पटते. उंची कमी म्हणून मोठे काठ नकोत, रंग सावळा म्हणून पिवळं नको, अंग भरलेलं म्हणून आडवे पट्टे नकोत. एवढं सगळं वगळल्यावर कपाटात उरतं काय? पण म्हणून सगळेच नियम गुंडाळून ठेवू नकोस. नियम कापडानं केलाय की लोकांनी, एवढं बघायला शीक.

कापडाचे नियम निमूट पाळ. खांद्याची शिवण खांद्याच्या टोकावरच बसली पाहिजे. बाजू सैल-घट्ट करता येतात, खांदा सुधारणं जिकिरीचं. ब्लाउजच्या शिवणीत माया ठेवायला सांग, पुढे उपयोगी पडते. पैठणीच्या जरीवर अत्तर मारू नकोस आणि अधूनमधून घडी बदलत जा, नाहीतर ती घडीवरच चिरते. साडी नेसताना पायात त्या दिवशीच्याच चपला हव्यात, कारण साडीची उंची टाचेवर ठरते. एवढं सांभाळलंस तर साडीखाली खुशाल स्नीकर्स घाल, निऱ्या लोळणार नाहीत.

आता लोकांचे नियम. सावळ्या मुलीला पिवळं शोभत नाही म्हणतात ना? मग अंतरपाटासमोर पिवळी साडी नेसवून उभी केलेली नवरी गोरी आहे की सावळी, हे कोण बघतं? सणाला काळं नको म्हणणारी घरंच संक्रांतीला हौसेनं चंद्रकळा नेसवतात, वर हलव्याचे दागिने घालतात. थंडीत काळा रंग ऊब धरतो, असं त्याचं कारण सांगतात. म्हणजे कारण पटलं की आपल्या आज्याही नियम बाजूला ठेवत होत्या. आडव्या पट्ट्यांचं तर विचारूच नकोस. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं की सारख्या मापाच्या दोन चौकोनांत आडव्या रेघांचा चौकोन जास्त उंच आणि अरुंद वाटतो. माणूस म्हणजे चौकोन नव्हे, कबूल. पण ऐकीव गोष्टीपेक्षा आरशाला विचारलेलं बरं. मोठ्या काठांच्या नियमात मात्र थोडं तथ्य आहे. वेगळ्या रंगाचा रुंद काठ उंचीला मधेच तोडतो. मग काठ साडीच्याच रंगाचा घे, हौसही भागेल.

प्रसंगाचे नियम मोडायच्या फंदात पडू नकोस. दुःखाच्या घरी किंवा मुलाखतीला जाताना लक्ष आपल्या कपड्यांवर खेचायचं नसतं.

आणि मोडायचंच ठरवलंस तर एका वेळी एकच गोष्ट मोड. इरकलवर ब्लाउजऐवजी पांढरा शर्ट घालतेस? घाल, पण मग गळ्यात ठुशी राहू दे, साडीही नेहमीसारखीच नेस. सगळंच एकदम बदललं तर बघणाऱ्याला काहीच नीट दिसत नाही. खणाचं बघ ना. गुळेदगुडचा खण पिढ्यान्‌पिढ्या चोळीचं कापड होता. आता त्याचे कुर्ते, जॅकेटं, अख्ख्या साड्या होतात. पण चोळीपुरता विणलेला खण पन्ह्याला अरुंद असतो, कुर्त्याला जोड द्यावाच लागतो. चांगला शिंपी तो लपवत बसत नाही, काठाला काठ भिडवून मिरवतो. नियम मोडला, पण कापडाचं ऐकून.

शेवटचं एक. नवं काही बाहेर घालून जायच्या आधी घरात तासभर घालून वावर. जिना चढ, खाली वाकून काहीतरी उचल, जेवायला बस. सारखा पदर ओढावा लागला, बाही टोचली, तर तो प्रयोग कितीही सुंदर दिसो, सोडून दे. आणि अंगावर काय आहे ते कामाच्या नादात विसरलीस, तर मला फोटो पाठवून विचारायचंसुद्धा नाही. सरळ घालून जा.